भागीरथीची उलटतपासणी

“भागीरथीबाई, त्या दुपारी तुमच्या गल्लीत वीज गेली होती ना?”

शार्दूल नलवडेनं हा प्रश्न विचारला आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली मी मनात म्हटलं, संपलं. पहिल्याच मुलानं, दुसऱ्याच मिनिटाला पकडलं.

“गेली हुती की,” मी म्हणाले. “पंखा बंद पडला म्हनून तर डोळा लागंना.”

“आणि शांतता होती, म्हणून भिंतीपलीकडचा आरोपीचा आवाज तुम्ही ओळखलात?”

“व्हय.”

“मग शेजारची पिठाची गिरणी कशावर चालू होती, आजी? शेजाऱ्यानं पोलिसांना जबाब दिलाय, त्या वेळी तो दळण दळत होता. वीज नसताना?”

सभागृहात टाळ्या पडल्या. शार्दूलनं हातातल्या टॅबवरून नजर वर उचलली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या वकील वडिलांकडे बघितलं.

सांगलीच्या आमच्या विधी महाविद्यालयात दरवर्षी असा खोटा खटला उभा राहायचा. मी तिथं पुराव्याचा कायदा शिकवायचे. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोन दिवस जायचे, आणि खटला मात्र माझाच असायचा. खटल्याचे कागद मी लिहायचे, मुख्य साक्षीदारही मीच व्हायचे, रीतसर शपथ घेऊन. कधी मासे विकणारी, कधी नर्स, कधी सरपंचाची सासू. प्रत्येक वर्षी त्या कागदांत मी एक खोट लपवून ठेवायचे. साक्षीदार एक बोलते आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी जबाबातली एक ओळ तिला खोटं पाडते, अशी. कितीतरी वर्षं अशी गेली की ती खोट कुणालाच सापडली नाही. मग मी पिंजऱ्यातून खाली उतरून ती सांगायचे आणि मुलं कपाळावर हात मारून घ्यायची.

त्या वर्षीची माझी साक्षीदार होती भागीरथी. जत तालुक्यातली म्हातारी. दुपारी जेवून माजघरात पडलेली असताना आतल्या खोलीतून तिची सोन्याची बोरमाळ चोरीला गेली. भिंतीपलीकडून पुतण्याचा आवाज आला, “डबा कुठं ठिवलाय?” एवढ्या आवाजावर पुतण्या आरोपी. अंतिम फेरीतल्या चार मुलांनी एकेक करून, पुतण्याचे वकील म्हणून माझी उलटतपासणी घ्यायची, असा बेत होता.

आपली पाळी येईपर्यंत मुलांना बाहेर थांबवलं होतं. शार्दूलनंतर आत आलेल्या मुलीनं गिरणीच विचारली. तिच्यानंतरच्या मुलानंही गिरणीच. पहिल्या वेळी पडल्या तशा टाळ्या आता पडत नव्हत्या.

गिरणी सगळ्यांना कुणी सांगितली ते मला ठाऊक होतं. त्या वर्षी आमच्याकडे मुजावर सर नवे आले होते. समीर मुजावर, मिरजेचे, तरुण, हुशार, आणि माझ्याशी फार अदबीनं वागणारे. त्यांनी खटल्याचे सगळे कागद एआयला दिले होते आणि त्यातून एक बोलणारी भागीरथी तयार केली होती. मुलांनी फोन उघडायचा, प्रश्न विचारायचा, आणि ती भागीरथी म्हणून उत्तर द्यायची. मुलं तिला डिजिटल आजी म्हणायची.

“मॅडम, एकदा बोलून तरी बघा तिच्याशी,” मुजावर सर स्टाफरूममध्ये फोन पुढे करत म्हणाले होते.

मी विचारलं, “काय गं भागीरथी, दुपारी काय करत हुतीस?”

“मी त्या वेळी भोजनोत्तर विश्रांती घेत होते,” फोन म्हणाला.

“अहो सर, जतची म्हातारी ‘भोजनोत्तर विश्रांती’ म्हणते होय? ती म्हणेल, जरा आडवी झालते.”

“शिकवा की तिला. तुम्ही शिकवलंत तर शिकेल.”

“मी माणसं शिकवते.”

“मॅडम, माणसांना रोज सरावाला साक्षीदार कुठून आणायचा? तुम्ही वर्षातून एकदा पिंजऱ्यात येता. ही रोज येते. मूल दहा वेळा चुकलं तरी हिला कंटाळा येत नाही.”

मी फोन त्यांच्याकडे सरकवला. पण त्याच डिजिटल आजीला एका मुलानं सरळच विचारलं होतं, या कागदांत खोट कुठं आहे? तिनं एका दमात गिरणी काढून दिली होती.

आता चौथी राहिली होती, तृप्ती कोळेकर.

तिच्याबद्दल मला काळजी होती. आठ दिवसांपूर्वी मी तिला जिन्यात गाठलं होतं. ती भिंतीला टेकून, फोन समोर धरून डिजिटल आजीला पुन्हा पुन्हा तेच विचारत होती.

“अगं, माणसांसमोर उभी राहा की जरा. त्या डबड्याशी काय बोलत बसतेस?”

“सगळी संध्याकाळी सरावाला थांबतात मॅडम. मला जतची गाडी गाठायला लागते. गाडीत हीच असते सोबतीला.”

“हरशील अशानं.”

“हरून चालायचं नाही मॅडम.” तिनं फोन बंद केला. “आरवाडे सर दरवर्षी यातून एकच ज्युनियर घेतात. पगारावर. बाकीच्यांच्या घरात कुणी ना कुणी वकील हाय, त्यांना कुठंही खुर्ची मिळंल. माझं इथं नाही झालं, तर सनद कपाटात आणि मी मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात. मामानं स्टूल पण आणून ठेवलंय.”

“स्टूल?”

“उंच. काउंटरला पुरतंय असं.”

ती हसली. मला काही हसू आलं नाही.

आणि ते आरवाडे आज न्यायाधीशाच्या खुर्चीत, माझ्या डाव्या हाताला बसले होते. विश्वनाथ आरवाडे, जिल्ह्यातले फौजदारीचे मोठे वकील आणि माझे फार जुने विद्यार्थी. त्यांच्या वर्षी मी दूधवाली झाले होते. उत्तर अगदी हातात आलेलं असताना त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, मी त्या प्रश्नातून सुटले, आणि ते हरले. अजूनही भेटले की म्हणतात, “बाई, तो एक प्रश्न गिळला असता तर!”

तृप्ती आत आली. काळ्या कोटाच्या बाह्या तिला लांब होत होत्या. हात रिकामे.

“कागद?” आरवाडेंनी विचारलं.

“पाठ आहेत, साहेब.”

“सगळे?”

“डिजिटल आजीला इतक्यांदा विचारलंय, साहेब, की झोपेत पण येतील. ती काय वैतागत नाही.”

मुलं हसली. सरकारी वकिलाच्या टेबलामागे बसलेले मुजावर सरही हसले. तृप्ती हसली नाही. बाकीचे तिघं टॅबमध्ये बघून विचारत होते, मान वर, मान खाली. ही माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती. त्या नजरेनं मला थोडं अवघडल्यासारखं झालं.

“भागीरथीबाई, जेवण काय होतं त्या दुपारी?”

हा कसला प्रश्न? तरी मी खुलले. “भाकरी, वांग्याचं भरीत, आन ताक.”

“जेवण जड झालं असंल.”

“झालं की. मग जरा आडवी झाले.”

“माजघरात?”

“माजघरात. भिंतीकडं पाय करून.”

“उशी होती?”

“गोधडीची घडी केलती. उशीबिशी आमाला कुठली, वकीलबाई?”

पुन्हा हशा. गिरणीनं माझी गेलेली पत मी अशी थोडी थोडी परत मिळवत होते.

“कोणत्या कुशीवर पडता जेवल्यावर?”

“डाव्या. जेवल्यावर डाव्याच कुशीवर पडावं, वामकुक्षी म्हंत्यात त्याला. माझ्या आज्ज्यानं शिकवलं. अन्न पचतं. तुमी आजकालची पोरं पडता कशी बी.”

“त्या दिवशीही डाव्याच?”

“जल्मात उजव्या कुशीवर पडले न्हाई.”

“म्हणजे डावा कान गोधडीत, उजवा वर.”

“आता कान काय काढून ठिवायचा आसतो व्हय?”

सभागृह खदखदून हसलं. आरवाडेही. मी पदर सारखा केला. आता गिरणी येणार, मी मनात म्हटलं, विचार बाई, तूही विचार.

तृप्ती माझ्या समोरून निघाली आणि सावकाश पिंजऱ्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. मी समोर बघत होते. साक्षीदारानं न्यायाधीशाकडे नाहीतर समोर बघावं, वकिलाच्या मागे मान फिरवू नये, हे मीच शिकवत आले होते.

ती काही बोलेना.

मी वाट बघितली. पहिल्या रांगेत प्राचार्य बसले होते, ते माझ्याकडे बघत होते. शार्दूलचे वडीलही. सगळेच. पोरगी अडकली, मला वाटलं. इतकं पाठ केलं आणि ऐन वेळी पुढचं आठवेना. यंत्रासमोर कधी कुणाच्या नजरा नसतात.  मी तिला थोडा वेळ मिळावा म्हणून मुद्दाम खोकले, पदर काढला, परत घेतला.

मग ती हळूहळू चालत माझ्या डाव्या बाजूला आली.

“भागीरथीबाई, तुमचा नातू तुम्हाला काय हाक मारतो?”

“माये म्हनतो,” मी चटकन म्हणाले. सुटली बिचारी, असं वाटून मला बरंही वाटलं.

पण सभागृहात कुणी हललं नाही. 

“साहेब,” तृप्ती आरवाडेंकडे वळली, “एक नोंद घ्यावी अशी विनंती आहे. हाच प्रश्न मी साक्षीदाराला उजव्या बाजूनं दोनदा विचारला. आत्ता विचारला त्याच आवाजात. साक्षीदार समोर बघत राहिली, तिनं पदर सारखा केला आणि उत्तर दिलं नाही. डाव्या बाजूनं विचारल्यावर लगेच दिलं. साक्षीदाराच्या वागण्याची नोंद घ्यायचा अधिकार न्यायालयाला आहे.”

मी पिंजऱ्याचा कठडा धरला.

“माझे प्रश्न संपले,” ती म्हणाली आणि जागेवर जाऊन उभी राहिली.

‘मग डावा कान गोधडीत असताना तुम्हाला आवाज ऐकू आला कसा?’ हा प्रश्न तिनं विचारला नाही. तिथं उभ्या असलेल्या कुठल्याही मुलानं तो विचारला असता. माझ्या तोंडात उत्तरही तयार होतं, भागीरथीसारखी म्हातारी अशा प्रश्नावर दहा वाटांनी निसटते. तिनं तो गिळला.

मुजावर सर उठले. “हरकत आहे, साहेब! भागीरथी बहिरी असल्याचं कागदांत कुठंही नाही. मी सगळे कागद शंभरदा तपासलेत.” ते थांबले, त्यांना पुढचं बोलायला जड जात होतं. “आणि… माफ करा मॅडम… हा कान असलाच तर मॅडमचा आहे. भागीरथीचा नाही.”

कुणीतरी मागून म्हणालं, “आयला!”

“कोळेकर?” आरवाडे म्हणाले.

“साहेब, सरांनी कागद मशीनला दिले. कागदांत कान नव्हते, म्हणून मशीनला ते कळले नाहीत. पिंजऱ्यात साक्षीदार आली ती कान घेऊन आली. पिंजऱ्याबाहेरच्या मॅडमना मी या खटल्यात ओळखत नाही. मला समोर दिसते ती भागीरथी.”

आरवाडेंनी टेबलावर बोटं वाजवली. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. त्यांचा आवाज न्यायाधीशाचा राहिला नव्हता.

“भागीरथीबाई. तुम्ही मुद्दाम गप्प राहिलात, की तुम्हाला ऐकू आलं नाही?”

‘मुद्दाम,’ म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. हट्टी साक्षीदार, दुसरं काय. मिरजेच्या डॉक्टरांनी मला त्याच उन्हाळ्यात सांगितलं होतं की उजवा कान आता गेला, आणि मी ते सुनेलासुद्धा सांगितलं नव्हतं. पहिल्या रांगेत प्राचार्य होते. पुढच्या वर्षी मला बोलवायचं की नाही, हे त्यांच्या हातात. बहिऱ्या म्हातारीला वर्गात कोण उभं करतं? आणि मी ‘मुद्दाम’ म्हटल्याबरोबर तृप्तीच्या सगळ्या उलटतपासणीचं मुसळ केरात जाणार होतं.

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. हात मागे बांधून आरवाडेंच्या मागच्या भिंतीकडे बघत होती. तिला माझं उत्तर ठाऊक होतं.

“ऐकू आलं न्हाई, साहेब,” मी म्हणाले.

“हे भागीरथी बोलतेय की बाई?”

“दोघीबी.”

आरवाडेंनी पेन उचललं आणि नोंद लिहिली. एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहिली. माझ्या डाव्या कानाकडे तोंड करून.

निकालाच्या वेळी शार्दूल उभा राहिला. “सर, पण तिनं खोट सांगितलीच नाही! गिरणी तिनं काढलीच नाही!”

“गिरणी तिघांनी काढली, नलवडे. कागदावरचं शोधायला उद्यापासून माझ्या ऑफिसात मशीन असेल. स्वस्तात येईल.” आरवाडे तृप्तीकडे वळले. “कोळेकर, गिरणी माहीत होती ना?”

“होती, साहेब. पण तिघं आधी आत गेले होते. ते विचारल्याशिवाय राहणार नाहीत हे पण माहीत होतं.”

“सोमवारी या. खुर्ची आहे, स्टूल नाही.”

म्हणजे स्टुलाची गोष्ट त्यांच्यापर्यंतही गेली होती. सांगली गाव छोटं.

सभागृह रिकामं झालं. मुजावर सर येऊन माझ्या पाया पडले आणि गेले. मी पिंजऱ्याशेजारच्या खुर्चीत तशीच नऊवारीत बसले होते. तृप्ती आली. सरळ डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“पहिल्या वर्षापासून, मॅडम.”

“पहिल्या? डॉक्टरांना या वर्षी कळलं!”

“जतची गाडी उशिरा यायची. पुढचे बाक भरलेले असायचे. मी दाराजवळ बसायचे, तुमच्या उजव्या बाजूला. मी प्रश्न विचारायचे आणि तुम्ही पुढं जायच्या. मला वाटायचं, माझे प्रश्नच वेडगळ असतील. म्हणून उत्तर देत नसाल.”

 मुलं हल्ली पुटपुटतात, असं मी तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत होते.

“मग?”

“मग एक दिवस शार्दूल उशिरा आला आणि तिथं बसला. त्याचा पण प्रश्न तुम्हाला ऐकू गेला नाही.”

“आणि तुला बरं वाटलं?”

“लई.”

मी हसले. तीही हसली, आणि हसता हसता कोटाच्या लांब बाहीनं तिनं डोळे पुसले.

“सांगितलं का नाहीस, बाळ?”

“काय सांगणार, मॅडम? तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून? मग मुजावर सरांनी मशीन आणलं. म्हटलं, चला, हिला तरी कुठल्या बी बाकावरनं ऐकू जातंय.”

दारात शिपाई किल्ल्या घेऊन आला, आम्हाला बघून परत गेला.

“एवढं सगळं माहीत असून भर सभेत माझा कान धरलास,” मी म्हणाले.

“माझ्याकडं दुसरं काय नव्हतं, मॅडम. गिरणी सगळ्यांकडं होती.”

“आणि मी म्हटलं असतं, मुद्दाम गप्प राहिले?”

“तुम्ही शपथ घेतली होती.”

“अगं, नाटकातली शपथ!”

“तसं तुम्ही शिकवलं नव्हतं.”

इतकी वर्षं शिकवलं, वकील, न्यायाधीश झालेली मुलं हार घेऊन घरी आली, पण तिच्या त्या साध्या वाक्यानं माझा ऊर जसा भरून आला तसा कधी आला नव्हता. माझ्या खरेपणावर तिनं आपली सगळी नोकरी पणाला लावली होती, मला न विचारता.

“ते दाराजवळचे प्रश्न,” मी म्हणाले, “मशीननं दिली का उत्तरं?”

“दिली. सगळ्यांची. पण त्यातली दोन-तीन मला पटली नाहीत.”

“विचार मला.”

“आत्ता? गाडी जाईल, मॅडम.”

“दुसरी येईल. बस.”

तिनं खुर्ची ओढली, डाव्या बाजूला, आणि पुढे वाकून पहिला प्रश्न विचारला. साक्षीदार शपथेवर खरं बोलतो, पण न्यायालयाला जे विचारायचंच सुचत नाही ते त्याच्याजवळच राहतं. मग ते न बोललेलं खरं कुणाच्या जबाबदारीचं? साक्षीदाराच्या, वकिलाच्या, की न्यायाधीशाच्या?

मी बराच वेळ गप्प बसले. ती वाट बघत राहिली.

“ऐकू आलं ना, मॅडम?”

“स्पष्ट ऐकू आलं,” मी म्हणाले. “उत्तर येत नाही.”